अँटिव्हायरस चांगल्या प्रोग्रामला व्हायरस म्हणतो तेव्हा खात्री कशी करायची?

गिरगाव_मुद्रण
मंडळी, गिरगावात आमचा छपाई आणि डीटीपीचा छोटा व्यवसाय आहे. जुन्या श्रीलिपी आणि कृतिदेव फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम सतत असतं. संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांची जुनी पानं, कुणाच्या आजोबांचं आत्मचरित्र, असं बरंच काही. त्यासाठी आम्ही एक लहानसा फाँट कन्व्हर्टर वापरतो. एका मराठी गृहस्थांनी एकट्याने तो लिहिला आहे आणि त्यांच्याच संकेतस्थळावर मोफत ठेवला आहे. नवी आवृत्ती उतरवली, तर ती उघडायच्या आधीच अँटिव्हायरसने उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकली. दाखवलेल्या नावात 'ट्रोजन' आणि 'जेन' असे शब्द आहेत.

दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणतो, "काका, अँटिव्हायरस बंद करा, इन्स्टॉल करा, मग परत चालू करा." मला हे पटत नाही. याच मशीनवर गिऱ्हाइकांच्या फाइली आहेत, बँकेचं आणि जीएसटीचं काम होतं. पण कन्व्हर्टरशिवाय आमचं कामही अडतं. संगणकशास्त्र न शिकलेल्या माणसाने अशा वेळी काय पाहून ठरवावं?

सीप्झ_रात्रपाळी
काका, त्या मुलाचं अजिबात ऐकू नका. अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल केल्याने फाइल चांगली की वाईट हे कळत नाही, फक्त इशारा दिसेनासा होतो. मी अंधेरीला एका कंपनीत रात्रपाळीला हेच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अँटिव्हायरस साधारण तीन तऱ्हांनी संशय घेतो. पहिली तऱ्हा सिग्नेचरची. आधी सापडलेल्या व्हायरसचा ठसा तुमच्या फाइलशी जुळला की निवाडा बहुतेक पक्का. दुसरी ह्युरिस्टिक, म्हणजे फाइलची रचना किंवा वागणं व्हायरससारखं वाटतं का ते पाहणं. तिसरी मशीन लर्निंग. लाखो चांगल्यावाईट फाइलींवर शिकवलेलं गणित तुमच्या फाइलला गुण देतं. खोटे इशारे बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेतून येतात.

म्हणून इशाऱ्यातलं नाव नीट वाचायचं. 'जेन', 'जेनेरिक', 'ह्युर', 'सस्पिशस' असले शब्द असतील तर अँटिव्हायरसने विशिष्ट व्हायरस ओळखलेला नाही, लक्षणांवरून अंदाज केला आहे. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसने दिलेल्या नावात शेवटी 'एमएल' आलं तर तो मशीन लर्निंगचा निवाडा असतो. 'पीयूए' असेल तर व्हायरस नाही, पण नको असलेलं काहीतरी सोबत येतंय असं त्याचं म्हणणं आहे. व्हायरसच्या एखाद्या कुप्रसिद्ध कुळाचं नेमकं नाव आलं, तर मात्र आधी फाइलवर संशय घ्यायचा, अँटिव्हायरसवर नंतर.

हे नाव म्हणजे फक्त पहिली खूण आहे. 'जेन' दिसलं म्हणून फाइल स्वच्छ ठरत नाही. नवा खरा व्हायरससुद्धा पहिल्यांदा याच नावाने पकडला जातो.

मुलुंड_कोडर
काका, तुमच्या त्या कन्व्हर्टरवाल्या गृहस्थांच्या जागी मी आहे असं समजा. मीही असाच एकट्याने प्रोग्राम लिहून लोकांना देतो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आमच्यासारख्यांच्या प्रोग्रामवरच धाड का पडते ते सांगतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्राम लोकांना एका फाइलमध्ये देण्यासाठी आम्ही पायइन्स्टॉलर वापरतो. त्याचा बूटलोडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा तयार भाग, सगळ्यांच्या प्रोग्राममध्ये सारखाच येतो. व्हायरस लिहिणारेही तेच साधन वापरतात, त्यामुळे त्या सारख्या भागावरच संशय बसतो. शिवाय अशी एकसंध फाइल चालू झाली की स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडते, आणि व्हायरसही नेमकं हेच करतात. ऑटोहॉटकी आणि ऑटोइट या साधनांनी बनवलेल्या प्रोग्रामचं तसंच. फाइल लहान करायला यूपीएक्सने आवळली तर आणखी भर पडते, कारण आतलं काही सहज दिसत नाही.

मराठी टायपिंग आणि फाँटच्या साधनांना तर वेगळाच त्रास आहे. फोनेटिक टायपिंगचं साधन तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ मधेच पकडतं, तिचं देवनागरी अक्षर करतं आणि पुढे पाठवतं. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही कळा अशाच पकडतो. बाहेरून पाहणाऱ्या यंत्राला दोघांचा हेतू कसा कळणार?

यावर उपाय म्हणजे कोड सायनिंग सर्टिफिकेट, प्रोग्रामवर लेखकाची डिजिटल सही करायचं प्रमाणपत्र. पण ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं, आणि जून २०२३पासून त्याची खासगी किल्ली, म्हणजे सही करायचा गुप्त कोड, पेनड्राइव्हसारख्या हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत ठेवायचं बंधन आलं आहे. मोफत प्रोग्राम देणाऱ्याने हा खर्च कुठून करायचा? एक खोटा इशारा आला की आठवडाभर 'तुम्ही व्हायरस पसरवता' अशा मेल येतात. वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास एका सकाळी जातो. म्हणून माझी कळकळीची विनंती, फाइल डिलीट करून गप्प बसू नका. लेखकाला कळवा.

लॅमिंग्टन_रोडवाला
आमचं दुकान लॅमिंग्टन रोडला. कोडर साहेबांचं दुःख खरं आहे, पण नाण्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. 'फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटा इशारा आहे हो, चालवा बिनधास्त' हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो ते विकतचा प्रोग्राम फुकट चालवणारे क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून. त्या फाइलीसोबतच्या टेक्स्टमध्ये पहिलीच ओळ असते, अँटिव्हायरस बंद करा. चोरीचा प्रोग्राम देणाऱ्या अनोळखी माणसाला तुमच्या मशीनची काळजी का असेल? त्यातल्या काही फाइली नुसतं ॲक्टिव्हेशनच करत असतील, पण कुठल्या, ते तुम्ही आम्ही ओळखू शकत नाही. पासवर्ड आणि तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या कुकीज चोरणारे प्रोग्राम आज याच वाटेने सर्वात जास्त येतात. कुकी गेली की पासवर्ड माहीत नसतानाही तुमचं मेल खातं दुसरीकडे उघडतं.

माझा नियम सरळ आहे. प्रोग्राम कुठून आला हे ताठ मानेने सांगता येत नसेल, तर खोट्या इशाऱ्याची चर्चाच करायची नाही.

परळ_मास्तर
मी शाळेत संगणक शिकवतो. खोटे इशारे फक्त छोट्या प्रोग्रामवर येतात असा समज होऊ नये म्हणून काही जुन्या घटना लिहितो.

२१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीचोस्ट ही विंडोजची स्वतःची फाइल व्हायरस ठरवली. जगभर संगणक पुन्हापुन्हा रिस्टार्ट होऊ लागले, नेटवर्क गेलं, हाताने एकेक मशीन दुरुस्त करावं लागलं. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफॉस या अँटिव्हायरसने स्वतःच्याच अपडेटरला व्हायरस म्हटलं. ज्या अपडेटने चूक दुरुस्त व्हायची, ते आणणाराच क्वारंटाइनमध्ये! सप्टेंबर २०२२ मध्ये डिफेंडर क्रोमसारखे ब्राउझर आणि इलेक्ट्रॉन या तयार साच्यावर बनलेली ॲप उघडली की 'हाइव्ह' नावाचा धोका दाखवत होता. काही तासांत नवं अपडेट आलं आणि इशारे थांबले.

तेव्हा अँटिव्हायरसचा शब्द अंतिम मानायचं कारण नाही. प्रोग्राम अधिकृत जागेवरून घेतला असेल तर वापरावा असं माझं मत.

सीप्झ_रात्रपाळी
मास्तर, घटना बरोबर आहेत, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. अधिकृत जागेवरून घेतलेली, कंपनीची डिजिटल सही असलेली फाइलसुद्धा बाधित निघालेली आहे.

२०१७ साली संगणक साफ करणाऱ्या सीक्लीनर या प्रोग्रामची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्याच सर्व्हरवरून, कंपनीच्याच सहीने जवळपास महिनाभर वाटली जात होती, आणि तिच्यात घुसखोरांनी आपला कोड घातलेला होता. सुमारे २२.७ लाख संगणकांवर ती गेली. त्याहून बोलकं उदाहरण मार्च २०२३चं. थ्रीसीएक्स हा कंपन्यांमध्ये फोनसाठी वापरला जाणारा प्रोग्राम. त्याच्या अपडेटवर अँटिव्हायरस इशारे देऊ लागला. ग्राहकांनी चर्चेत विचारलं, हा फॉल्स पॉझिटिव्ह आहे का? काहींनी तर एक्सक्लुजनही, म्हणजे ही फाइल तपासू नको अशी सूट, टाकून दिलं. काही दिवसांनी कळलं की इशारा खरा होता. प्रोग्राम तयार होण्याच्या जागीच हल्लेखोर शिरले होते.

म्हणून मी विचारतो तो प्रश्न असा: कालपर्यंत शांत असलेल्या प्रोग्रामच्या नव्या अपडेटवर, तो चालू असताना, वागण्यावरून इशारा आला आहे का? तसं असेल तर कितीही मोठं नाव असलं तरी थांबायचं, कंपनीचा खुलासा येऊ द्यायचा. दोनतीन दिवस काम जुन्या आवृत्तीवर ढकलता येतं.

गिरगाव_मुद्रण
हे फार उपयोगी आहे. पण माझ्या फाइलचं आता प्रत्यक्ष काय करू? आणि इन्स्टॉलर चालवताना कधीकधी निळी पट्टी येते, 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' म्हणून. तोही व्हायरसचाच इशारा का?

सीप्झ_रात्रपाळी
निळ्या पट्टीचं आधी सांगतो. ते स्मार्टस्क्रीन. त्याने फाइलमध्ये व्हायरस पाहिलेला नसतो. ही फाइल फारशी कुणी उतरवलेली नाही, लेखकाची ओळख नाही, एवढंच तो सांगतो. सोसायटीचा वॉचमन नव्या माणसाला गेटवर थांबवून 'कुणाकडे जायचंय' विचारतो, तसं. लाल अक्षरात धोक्याचं नाव घेऊन येणारा इशारा वेगळा.

आता तुमची फाइल. क्वारंटाइनमधून लगेच सोडवू नका. पहिलं काम, लेखकाने संकेतस्थळावर फाइलचा एसएचए-२५६ हॅश दिला आहे का पाहा. हॅश म्हणजे ६४ अक्षरअंकांची ओळख. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी ती पूर्ण बदलते. दिला नसेल तर लेखकाला मेल करून मागा, त्यातच इशाऱ्याचं पूर्ण नाव आणि आवृत्ती लिहा. तो हातात आला की फाइल फक्त हॅश पाहण्यापुरती बाहेर काढा, चालवू नका. सेव्हन-झिप हा फाइली आवळायचा प्रोग्राम असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'सीआरसी एसएचए' मध्ये हॅश मिळतो. दोन्ही जुळले तर फाइल वाटेत बदललेली नाही एवढं सिद्ध होतं. लेखकाकडेच गडबड असेल तर हॅशही त्या गडबडीचाच असेल, हे विसरू नका.

दुसरं, व्हायरसटोटल. २००४ साली स्पेनमधल्या मालागामध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गुगलकडे आहे. सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनं तुमची फाइल तपासतात. तिथे आधी नुसता हॅश टाकून शोधा, बहुतेक वेळा कुणीतरी फाइल आधीच तपासलेली असते. गिऱ्हाइकाचा मजकूर, आधार, पॅन, करारपत्र असलं काहीही तिथे चढवू नका. चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना मिळते, ती खासगी राहत नाही.

निकाल वाचताना नुसता आकडा मोजू नका. ७० पैकी तीनचार इंजिनांनी, तीही फारशी नावाजलेली नसलेली, प्रत्येकाने वेगळं मोघम नाव दिलं असेल तर खोट्या इशाऱ्याची शक्यता जास्त. पाचसहा नामांकित इंजिनं एकाच कुळाचं नाव घेत असतील तर फाइल सोडून द्या. आणि शून्य आलं तरी फाइल अगदी ताजी असेल तर ते पुरेसं नाही. दोन दिवसांनी पुन्हा तपासा.

परळ_मास्तर
आकड्याबद्दल एक भर घालतो. २०१० साली कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने एक प्रयोग जाहीर केला होता. त्यांनी २० निरुपद्रवी फाइली तयार केल्या, त्यातल्या दहांवर मुद्दाम खोटा इशारा लावला आणि सगळ्या व्हायरसटोटलवर चढवल्या. दहा दिवसांत त्या दहा फाइलींना चौदापर्यंत इतर कंपन्याही व्हायरस म्हणू लागल्या होत्या. एकाचं पाहून दुसरा लिहितो, त्यामुळे दहा इंजिनांचं मत म्हणजे दहा स्वतंत्र मतं नव्हेत. थ्रीसीएक्सचं उदाहरण मात्र मला पटलं. 'अधिकृत जागा' एवढ्यावर मी थांबणार नाही.

दादरची_मेधा
मी मराठी टायपिंग शिकवते. विद्यार्थ्यांकडे नेहमी दिसणारी एक गोष्ट सांगते. गुगल इनपुट टूल्स या टायपिंगच्या साधनाची विंडोजसाठीची ऑफलाइन आवृत्ती गुगलने केव्हाच बंद केली, तरी मुलं शोधून कुठल्यातरी अनोळखी साइटवरून 'गुगल मराठी इनपुट' उतरवतात. अँटिव्हायरस ओरडला की म्हणतात, मॅडम, गुगलचंच आहे, इशारा खोटा आहे. अहो, गुगलने दिलेलं असतं तर ते गुगलकडेच मिळालं नसतं का? मधल्या साइटवाल्याने इन्स्टॉलरमध्ये काय भरलंय ते कोण सांगणार?

मुळात त्याची गरजच उरलेली नाही. विंडोज १० च्या मे २०१९च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये भाषा जोडताना मराठी निवडा आणि कीबोर्डमध्ये फोनेटिक घ्या. डाउनलोड नाही, इशारा नाही.

मुलुंड_कोडर
मेधाताई, शंभर टक्के. माझाही प्रोग्राम दोनतीन डाउनलोड साइटनी परस्पर ठेवला आहे, स्वतःच्या जाहिरातींच्या डाउनलोडरमध्ये गुंडाळून. त्यावर आलेला इशारा खराच असतो, आणि बदनाम होतो मी.

काका, तुमच्या लेखकांना हे कळवा: एकसंध फाइलऐवजी फोल्डरसकट झिप द्या, यूपीएक्स बंद करा, पायइन्स्टॉलर असेल तर बूटलोडर स्वतः कंपाइल करा. माझे बहुतेक इशारे एवढ्याने गेले. आणि प्रत्येक नवी आवृत्ती लोकांना देण्याआधी मोठ्या कंपन्यांच्या फॉल्स पॉझिटिव्ह फॉर्मवर पाठवा. मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इंटेलिजन्स पानावर साधा वापरकर्ताही फाइल पाठवून 'ही चुकून पकडली' असं नोंदवू शकतो. काही कंपन्या मेलने फाइल मागतात, तेव्हा झिपला 'इन्फेक्टेड' हा पासवर्ड लावायची या क्षेत्रात पद्धत आहे, नाहीतर मेलवाला अँटिव्हायरसच ती अडवतो.

गिरगाव_मुद्रण
मंडळी, लेखकांचं उत्तर आलं. त्यांनी हॅश पाठवला, तो जुळला. व्हायरसटोटलवर मोजक्याच इंजिनांचे इशारे, सगळे मोघम नावाचे. त्यांनी आणि मी दोघांनीही अँटिव्हायरस कंपनीकडे फाइल पाठवली होती. कंपनीने चूक मान्य केली आणि नंतरच्या अपडेटनंतर इशारा गेला. तोवर जुन्या आवृत्तीवर काम भागवलं. एक्सक्लुजन टाकायची वेळच आली नाही.

फोर्ट_आर्टिकल
मी फोर्टमध्ये सीएंच्या ऑफिसात आहे. आमच्याकडे एवढं थांबणं दरवेळी शक्य नसतं. ३१ जुलैला पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायचं असतं आणि त्याच दिवशी डिजिटल सहीचं साधन अँटिव्हायरस अडवतो. ब्राउझर मशीनमधल्याच सहीच्या प्रोग्रामशी बोलतो, आणि अँटिव्हायरसचं वेब शील्ड, म्हणजे ब्राउझरमधली येजा तपासणारा भाग, मधे येतं. सर म्हणतात पूर्ण सी ड्राइव्हच एक्सक्लुजनमध्ये टाका.

सीप्झ_रात्रपाळी
सी ड्राइव्ह कधीच नाही. डाउनलोड्स आणि टेम्पही नाही, कारण आलेला खरा व्हायरस आधी तिथेच उतरतो. त्यातून एक्सक्लुजनची यादी शोधून तिथे जाऊन बसणारे व्हायरसही आहेत. सरकारी पोर्टलवरूनच घेतलेला, सही तपासलेला तो एकच प्रोग्राम त्याच्या पूर्ण पत्त्यासह सूटमध्ये टाका. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅबवर सही वैध आहे का दिसतं. वेब शील्ड असेल तर त्यातही फक्त त्या पोर्टलपुरती सूट द्या. आणि हे ३१ तारखेला करू नका, तिमाही संपल्या संपल्या एक चाचणी सही करून पाहा. नवं अपडेट आलं की सूट काढून पुन्हा पाहायचं, कारण बहुतेकदा ती लागतच नाही.

डिफेंडर असेल तर 'प्रोटेक्शन हिस्ट्री'मध्ये नीट वाचा. 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'ने अडवलं असेल तर तो व्हायरसचा इशारा नाही. डॉक्युमेंट्समध्ये लिहायला परवानगी नव्हती एवढाच अर्थ. आणि ऑफिसात विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करून घ्या. संशयित फाइल त्यात उघडायची, खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ही सोय नाही.

कांदिवली_सेक्रेटरी
धागा वाचला म्हणून तातडीने विचारतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गॅस बिल अपडेट करायचं म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड ॲपचा इन्स्टॉलर, आली आहे. 'आज रात्री कनेक्शन तोडू' असं लिहिलंय. फोनमधली ॲप तपासणारं गुगलचं प्ले प्रोटेक्ट ती अडवतंय. ग्रुपवर एकजण म्हणतात खोटा इशारा आहे, प्ले प्रोटेक्ट बंद करून टाका.

सीप्झ_रात्रपाळी
साहेब, हा इशारा खरा धरा. कुठलीही गॅस किंवा वीज कंपनी व्हॉट्सॲपवर एपीके पाठवून बिल भरायला सांगत नाही. असली ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि बँकेचे ओटीपी पुढे पाठवतात. ग्रुपवरून फाइल आत्ता काढायला लावा.

कुणी इन्स्टॉल केली असेल तर त्यांना आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून वायफायही बंद करायला सांगा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. ते ॲप काढून टाकूनही खात्री नसेल तर फोन फॅक्टरी रिसेट करा, फोटो आधी काढून घ्या.

कांदिवली_सेक्रेटरी
फाइल काढली, ग्रुपवर सगळ्यांना लिहिलं, वयस्कर सभासदांना घरी जाऊन सांगतो आहे. बी विंगमधल्या दोघांनी इन्स्टॉल केली होती. एकांचं खातं बँकेने थांबवलं. दुसऱ्या काकूंना दोन डेबिटचे मेसेज आलेत, १९३० ला फोन लावला आहे, तक्रार नोंदवतायत. व्यवहाराचा क्रमांक मागतायत, तो बँकेच्या मेसेजमध्ये मिळेल ना?

सीप्झ_रात्रपाळी
हो, यूपीआय असेल तर १२ आकडी यूटीआर मेसेजमध्ये किंवा पासबुकात असतो. तो, रक्कम आणि वेळ तिन्ही सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, आणि त्या मेसेजेसचे फोटो दुसऱ्या फोनने काढल्याशिवाय काकूंचा फोन रिसेट करू नका.